केबिनमधून बाहेर पडण्यापूर्वी : सभासदांसाठी सूचना

सर्व सभासदांना नमस्कार. फिरायला निघताना पुढच्या दाराला कुलूप सगळेच लावतात. उघड्या राहतात त्या मागच्या खिडक्या, विशेषतः बाथरूमची. ती आधी बघा. सरकत्या दाराचं लॅच नुसतं ढकलून नीट बसत नाही. दार लावून एकदा ओढून पाहा आणि खालच्या खाचेत मापाची काठी आडवी टाका, म्हणजे लॅच निसटलं तरी दार सरकणार नाही.

किल्ली पायपुसण्याखाली किंवा कुंडीत ठेवू नये. चोर आधी तिथेच हात घालतो!

सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करा. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीलगत साचून राहतो. शेकोटीवर पाणी ओता, राख ढवळा, पुन्हा ओता. वरून विझलेली दिसणारी राख आतून तासन्‌तास धगधगत असते.

लॅपटॉप, कॅमेरा खिडकीतून दिसेल असा ठेवू नका. सहलीचे फोटो परतल्यावरच टाका. हौस समजते, पण केबिन रिकामी असल्याची दवंडी कशाला? अंधार पडल्यावर परतणार असाल तर दारावरचा दिवा लावून जा.