जायंट सेल दिसल्या म्हणजे कॅन्सर नव्हे

मा. संपादक,

रविवारच्या पुरवणीतल्या बायोप्सीवरच्या लेखात 'जायंट सेल (अनेक केंद्रकं असलेल्या मोठ्या पेशी) दिसल्या की गाठ वाईटच समजा' असं छापून आलंय, ते अजिबात पटलं नाही. गेल्या वर्षी आमच्या मावशीच्या मानेतल्या गाठीच्या रिपोर्टमध्ये हाच शब्द होता आणि डॉक्टरांकडे जायच्या आधीच घरात रडारड, दोन दिवस कुणी धड जेवलं नाही. निघाला टीबी, गोळ्यांचा कोर्स झाला, आता बाई रोज सकाळी रंकाळ्याला फेरी मारते.

मुळात या पेशी आपल्याच बाजूच्या. जंतू किंवा बाहेरची वस्तू एकट्या मॅक्रोफेजला (जंतू गिळणाऱ्या आपल्या पेशीला) पचत नाही तेव्हा अनेक मॅक्रोफेज एकमेकांत मिसळून एकच मोठी पेशी होते, केंद्रकं मात्र सगळ्यांची तशीच राहतात. टीबीत ती बहुतेकदा कडेनं घोड्याच्या नालेसारखी लागलेली दिसतात, लांगहान्स या जर्मन पॅथॉलॉजिस्टनं 1868 मध्येच हे लिहून ठेवलंय. पायात उसाचं कुसळ मोडून राहिलं किंवा ऑपरेशनच्या टाक्याचा धागा आत राहिला तरी अशा पेशी जमतात, फक्त तिथं केंद्रकं विस्कटलेली असतात. काही ट्यूमरमध्येही जायंट सेल असतात हे खरं, पण तो फरक पॅथॉलॉजिस्ट आजूबाजूच्या पेशी बघून ठरवतो, एका शब्दावरून नाही. लेखकानं एवढं एक वाक्य घातलं असतं तर काय बिघडलं असतं? पुढच्या अंकात खुलासा छापावा ही विनंती.

– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर