आजीच्या मिरजेला जाण्याबद्दल

ती. आई-बाबांना,
सा. न.

आजीला मिरजेच्या शुश्रूषा केंद्रात ठेवूया, असं मी रविवारी फोनवर म्हटलं तेव्हा बाबा काहीच बोलले नाहीत आणि आई, तू "बघू" म्हणून विषय मिटवलास. आजी त्याच खोलीत होती, तिच्यासमोर बोलवेना, हे कळलं मला. म्हणून लिहितेय.

मिरजेचं केंद्र मी दोनदा पाहून आले. एकदा वेळ ठरवून आणि एकदा न सांगता, ऐन जेवणाच्या वेळी. दुसऱ्या खेपेला जे दिसलं त्यावर माझा जास्त भरवसा आहे. भरवणाऱ्या मावशी तिथल्या एका आजोबांना उशा लावून नीट ताठ बसवून, घास गिळला की नाही ते बघून मगच पुढचा चमचा देत होत्या. जेवण झाल्यावरही लगेच आडवं केलं नाही, अर्धा तास तसंच बसवून ठेवलं. आजीला दिवाळीत ठसका लागून छातीत कफ भरला होता तो आडवं पडून पेज पाजल्यामुळेच, असं डॉक्टर म्हणाले होते ना?

बाबा, तुमच्या डोळ्यांसमोर वृद्धाश्रम येतो, म्हणून तुम्ही गप्प झालात. वृद्धाश्रमवाले बहुतेक करून स्वतःचं स्वतः करणाऱ्यांनाच घेतात. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला तिथे जागा नसते. आणि नर्सिंग होम म्हटलं की आपल्याकडे बाळंतपणाचा दवाखाना. हे शुश्रूषा केंद्र आहे. रात्री जागी असणारी सिस्टर आणि उचलायला दोन धडधाकट माणसं, आजीला आज याचीच गरज आहे.

माकडहाडावरची जखम चिघळू नये म्हणून दर दोन तासांनी तिची कूस बदलायची. म्हणजे चोवीस तासांत बारा वेळा. खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून तुम्ही दोघं गजर लावून उठताय. बाबा ७४ वर्षांचे, आई तू ७०. श्रावणात पहाटे तीनला तिला कमोडच्या खुर्चीवर बसवताना बाबांचा पाय सरकला आणि दोघंही खाली आले. तुम्ही तिला अंगावर झेललंत म्हणून तिला खरचटलंही नाही. हे मला आठ दिवसांनी कळलं, तेही शेजारच्या काकूंकडून. तेव्हापासून रात्री फोन वाजला की माझ्या पोटात गोळा येतो.

आणखी एक सांगते, रागावू नका. गेल्या वर्षभरात तुम्हाला आजीचा हात हातात घेऊन नुसतं बसलेलं मी पाहिलेलं नाही, बाबा. तिच्याजवळ जाता ते काहीतरी घेऊन, औषध, बेडपॅन, नाहीतर कापूस. आता तुमची चाहूल लागली की ती कण्हायला लागते, कारण तुम्ही आलात म्हणजे वळवणार आणि दुखणार, एवढंच तिला कळतं. तुम्ही तिचा मुलगा आहात. मला तुम्हाला तिच्याजवळ मुलासारखं बसलेलं बघायचंय. सांगली-मिरज दहा किलोमीटर, रोज संध्याकाळी जाता येईल.

भाऊकीतले बोलतील. काका मला फोनवर म्हणाले, आपल्या घराण्यात असं कधी झालं नाही. त्यांनी एक रात्र येऊन गजर लावावा, मग बोलावं.

पैशाचं. आयुष्मान कार्ड इथे चालणार नाही. २०२४ पासून सत्तरीपुढच्या सगळ्यांना ५ लाखांपर्यंत मिळतं ते दवाखान्यात दाखल झाल्यावर, महिन्याच्या शुश्रूषेला नाही. पण आजीचं रेल्वेचं कुटुंब निवृत्तिवेतन आहे आणि नव्वदी ओलांडली की मूळ रकमेवर ४० टक्के जास्त मिळतात. ते लागू झालंय का, एकदा बँकेत पासबुक दाखवून विचारा. आजोबा पंढरपूरच्या छोट्या लाइनीवर गार्ड होते, त्यांचेच पैसे तिच्या कामी येतील. डायपर आणि औषधं वेगळी धरावी लागतात, ती मी पाठवीन. हयातीच्या दाखल्याला अंगठा उमटत नाही म्हणून मागच्या वर्षी तिला रिक्षात घालून नेलीत. आता चेहऱ्यावरून मोबाइलवर होतो. ऐंशीच्या पुढे असेल तर १ ऑक्टोबरपासूनच घेतात. मी येऊन करून देते.

तिला "चार दिवस दवाखान्यात" असं सांगू नका. विसरेल, हे खरं. तरी खरंच सांगू, पुन्हा विचारलं की पुन्हा सांगू. खिडकीतून गाडीचा आवाज येतो तिथे. रेल्वे क्वार्टरमध्ये तीस वर्षं काढलेल्या बाईला तो ओळखीचा वाटेल, असं मला मनापासून वाटतं.

गाऊन तिला कधी चालला नाही. सिस्टरशी बोलले आहे, जुनं मऊ लुगडं मधून फाडून दोन केलं तर ते नेसवायला तयार आहेत. निळं काठाचं घे, आई. गोधडी तिचीच न्यायची, धुवायला टाकू नकोस, तिला तो वास लागतो. मिश्रीचं विचारलं तर त्यांनी तोंड वाकडं केलं, पण चहानंतर चिमूटभर, आपल्यापैकी कोणी समोर बसून लावणार असेल तर हरकत नाही म्हणाले.

मी शनिवारी कोयना एक्सप्रेसने येते, संध्याकाळी पोचेन. ती रात्र तुम्ही दोघांनी झोपायचं, गजर माझ्या उशाशी. रविवारी चौघं मिळून जाऊ. मिश्रीची डबी तिच्या सामानात नको, आई. तुझ्याच पिशवीत ठेव, रोज लागेल.

तुमची,
लेक