उसाच्या ट्रॉलीमागे रेसचं इंजिन

प्रति,
मा. संपादक,

स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत एका तरुणाने बांधलेल्या जुन्या मारुती एस्टीमचा फोटो आणि अर्धं पान मजकूर वाचला. ट्रॅकवर पळालेलं इंजिन आणून त्याने ते रस्त्यावरच्या गाडीत बसवलं, याचं त्यात भरभरून कौतुक होतं. पोरगं हुशार आहे, त्यात वाद नाही. पण त्या दिवसापासून आमच्या दुकानात तीन पोरं तसलंच इंजिन मागत येऊन गेली. मी लातुरात एकतीस वर्षं बोअरिंग आणि हेड फेसिंगचं, म्हणजे इंजिनाचे सिलिंडर आणि त्यांच्यावरचं झाकण (हेड) घासून मापात आणायचं काम करतो. शिवाय तसलंच इंजिन तसल्याच गाडीत घालून मी स्वतः दीड वर्ष हात पोळून घेतले आहेत. म्हणून त्या पानात जे आलं नाही ते लिहितो.

माझी एस्टीम 2002 सालची. तिचं इंजिन 1298 सीसीचं, 74 मिमी बोअर (सिलिंडरची रुंदी) आणि 75.5 मिमी स्ट्रोक (पिस्टनची धाव). जिप्सीत हेच, पहिल्या स्विफ्टमध्येही याच घराण्यातलं, आणि एकेरी सीटच्या फॉर्म्युला गाड्यांतसुद्धा याच 1.3 लिटरवर कित्येक पोरं शर्यत शिकली. मला कोइमतूरकडून एका शर्यतीच्या एस्टीमचं इंजिन मिळालं. गाडी पलटी होऊन भंगारात निघालेली, इंजिन मात्र शाबूत. ते लातुरात उतरलं त्या रात्री मला झोप आली नाही, हे कबूल करतो.

आधी हेड उघडून मोजलं. मापाला ब्युरेट, म्हणजे प्रयोगशाळेतली आकडे कोरलेली काचेची नळी लागते, आणि लातुरात ब्युरेटला काय तोटा? अकरावी-बारावी सायन्सचं गाव आमचं. हेड उलटं ठेवायचं, व्हॉल्व्ह बसवायचे, वर ग्रीस लावून अ‍ॅक्रेलिकची भोक पाडलेली चकती दाबायची आणि त्या भोकातून थेंब थेंब रॉकेल सोडायचं. चेंबर भरलं की ब्युरेटवरचा आकडा वाचायचा. त्यात गॅस्केटची जाडी आणि पिस्टनच्या डोक्यावरची जागा मिळवली, तर एका सिलिंडरला साडेबत्तीस सीसी भरलं. एका सिलिंडरची झाडण, म्हणजे पिस्टन वरखाली होताना व्यापतो ती जागा, 324.5 सीसी. म्हणजे कॉम्प्रेशन अकराला एक: आत आलेली हवा अकरा पट दाबली जाते. चेंबर लहान करायला हेड चांगलंच घासलेलं होतं.

ट्रॅकवर हे चालतं. आपल्याकडे मे महिन्यात 42 अंशांत, पंपावरचं साधं पेट्रोल टाकून, चौथ्या गिअरमध्ये चढाला पाय दिला की जास्त दाबलेलं पेट्रोल भलत्या वेळी पेटतं आणि इंजिन वाजायला लागतं. पत्र्याच्या डब्यात हरभरे हलवावेत तसा आवाज. ज्याला तो आवाज कळत नाही, तो रेडिओ मोठा करतो आणि पंधरा दिवसांनी पिस्टनला भोक पाडून माझ्याकडे येतो. मला कुणी म्हणालं, जाड गॅस्केट घाल. हिशेब केला, साडेनवावर उतरायला 1.3 मिमी जाडी वाढवावी लागत होती. तेवढ्याने पिस्टन आणि हेड यांच्या कडेची बारीक फट इतकी मोठी होते की इंजिन उलट जास्तच वाजायला लागतं. शेवटी एका भंगार एस्टीमचं न घासलेलं हेड शोधून बसवलं.

त्या पानात कॅमची, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याची तारीफ होती, 'आयडलिंगलाच दमदार गुरगुर' वगैरे. ती गुरगुर कशाची असते, ते सांगतो. रेसच्या कॅमने व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडे राहतात. वरच्या आरपीएमला त्याचा फायदा होतो. खाली मात्र इनलेट आणि एक्झॉस्ट दोन्ही एकाच वेळी उघडे सापडतात, आणि मॅनिफोल्डमधला, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांतला व्हॅक्यूम पडतो. माझ्या गेजवर जिथे अठरा-एकोणीस इंच दिसायला हवेत तिथे काटा नऊ-दहावर थरथरायचा. एमपीएफआय, म्हणजे कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल सोडणाऱ्या माझ्या गाडीचा कॉम्प्युटर तो दाब बघूनच पेट्रोल ठरवतो. त्याला वाटायचं, गाडीवर फार भार आहे. तो ओतत राहायचा. पीयूसीच्या नळीत आकडे बसेनात, आणि गाडीमागे उभ्या माणसाचे डोळे चुरचुरायचे.

पण खरी गोष्ट ब्रेकची. ब्रेकचा बूस्टर, म्हणजे पायाच्या जोराला हातभार लावणारा डबा, त्याच व्हॅक्यूमवर चालतो, हे मला पाठ होतं. गाडी चालवताना मात्र डोक्यात नव्हतं.

पौषातली संध्याकाळ, रेणापूरहून येत होतो. कारखाने सुरू, पुढे दोन ट्रॉल्या जोडलेला उसाचा ट्रॅक्टर, मागे ना दिवा ना लाल पट्टी. रस्ता तुंबलेला, म्हणून क्लच दाबून गाडी हळूहळू सरकवत होतो. इंजिन चौदाशे आरपीएमवर धडधडतंय. एकदा ब्रेक दाबला, सोडला, पुन्हा दाबला. तिसऱ्यांदा पाय ठेवला तर पेडल दगड. बूस्टरमधला होता नव्हता तो व्हॅक्यूम दोन दाबांत संपलेला आणि इंजिन नवा द्यायला तयार नाही. दोन्ही पाय पेडलवर उभे केले आणि हँडब्रेक ओढला. गाडी थांबली तेव्हा ट्रॉलीतून लोंबणारा एक ऊस बॉनेटला टेकलेला होता. शेजारी बसलेली बायको काहीच बोलली नाही. घर येईपर्यंत बोलली नाही.

व्हॅक्यूमची वेगळी टाकी बसवता येते, विजेचा पंपही मिळतो. मी दुसऱ्या दिवशी कॅमच काढला.

गरमीचंही तेच. ट्रॅकवर गाडी थांबत नाही, रेडिएटरला वारा फुकट मिळतो. आमच्या गंजगोलाईत सोळा रस्ते येऊन मिळतात, तिथे एस्टीम दहा मिनिटं उभी राहिली की काटा वर. त्यात आमचं बोअरचं पाणी. 2016 साली मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावं लागलं, त्या उन्हाळ्यात लोकांनी जे मिळेल ते रेडिएटरमध्ये ओतलं. पुढची दोन वर्षं मी हेडमधल्या पाण्याच्या वाटांतून पांढरा क्षार खरवडत होतो.

मग रेसचं म्हणून माझ्या गाडीत उरलं काय? क्रँक, त्याच्या टोकाचं जड चाक म्हणजे फ्लायव्हील, आणि पिस्टन क्रँकला जोडणारे कनेक्टिंग रॉड. ज्या कुणी ते इंजिन बांधलं होतं त्याने चारही रॉड वजनाला ग्रॅमभरही फरक न ठेवता जुळवले होते, आणि क्रँक फ्लायव्हीलसकट बॅलन्स केलेला होता. ताकद कंपनीच्या गाडीएवढीच. पण नांदेडच्या रस्त्याला ऐंशीवर गिअरच्या दांड्यावर हात ठेवला, तर दांडा हलत नाही. एकतीस वर्षांत शेकडो इंजिनं बांधली, असं गुळगुळीत एकही नाही. पोरांना हे सांगितलं की त्यांचा चेहरा पडतो. त्यांना आवाज हवा असतो.

कागदाचंही त्या पानात काही नव्हतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 वर 2019 च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही. इंजिन त्याच बनावटीचं, त्याच प्रकारचं आणि त्याच इंधनाचं असेल, तरी आधी परवानगी लागते. नाहीतर कलम 182-अ आहे: मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, किंवा दोन्ही. परवानगीसाठी मी एका परिवहन कार्यालयात चार खेपा घातल्या. पहिल्या तीन खेपांत खिडकीवरच्या माणसाला वाटलं, मी सीएनजी बसवायला आलोय. चौथ्या खेपेला एका निरीक्षकाने बॉनेट उघडायला लावलं, इंजिन नंबर कागदावर घासून घेतला आणि पाच मिनिटांत काम झालं. नवा नंबर आज आरसीवर आहे. फोटोतल्या पोराच्या आरसीवर कोणता नंबर आहे, हे आपल्या प्रतिनिधीने विचारायला हवं होतं. उद्या अपघात झाला, तर विमावाले हेच आधी विचारतील.

त्या पोराला माझा निरोप द्यावा. व्हॅक्यूम गेज माझ्याकडे आहे, ब्युरेटही आहे. काढलेला कॅम तेलाच्या फडक्यात गुंडाळून ठेवलाय, तोही बघायला मिळेल. पैसे नकोत. फक्त गाडी दिवसा आणावी, आणि रेणापूरच्या रस्त्याने आणू नये. कारखाने अजून सुरू आहेत.

आपला,
एक बोअरिंगवाला,
लातूर