महागड्या हेडफोनच्या गाद्या सुट्या का मिळत नाहीत?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तीस-चाळीस हजार रुपये मोजून घेतलेल्या हेडफोनचे ध्वनियंत्र वर्षानुवर्षे शाबूत राहते, पण कानावर टेकणाऱ्या त्याच्या गाद्या कोकण-मुंबईच्या दमट हवेत फार लवकर जातात. त्यांवर बहुधा कृत्रिम चामडे, म्हणजे कापडावर चढवलेला पॉलियुरेथेनचा पातळ थर असतो. हवेतील ओलावा आणि घाम यांमुळे या थराचे विघटन होत राहते. हेडफोन न वापरता कपाटात ठेवला तरी ते थांबत नाही. आधी थर चिकट होतो, मग त्याला भेगा पडतात आणि पुढे हेडफोन उतरवला की गालावर, कानामागे काळ्या खपल्या चिकटलेल्या आढळतात.

माझ्या हेडफोनची ही गत झाली तेव्हा अधिकृत सेवा केंद्राने गाद्या सुट्या येत नसल्याचे सांगून नवा हेडफोन घेण्याचा सल्ला दिला. बाजारात दुसऱ्या गाद्या मिळतात, परंतु गादीची जाडी बदलली की ध्वनिपडदा आणि कान यांतले अंतर बदलते, आणि कड नीट टेकली नाही तर खालचे स्वर निसटून जातात: डग्गा पोकळ वाजतो, तानपुऱ्याचा खर्ज विरळ होतो, बाहेरचा गोंगाट रोखण्याची सोयही दुबळी पडते. म्हणजे गादी हा आवाजाचाच एक भाग आहे आणि मूळ मापाची गादी पुरवणे हे निर्मात्याचे काम आहे.

चष्मा लावणाऱ्यांना तर हा त्रास पहिल्या दिवसापासून होतो. काडीमुळे कड उचलली जाते आणि हेडबँडचा दाब त्याच काडीवर येऊन कानशिले ठणकू लागतात. त्या जागी अधिक मऊ फोम भरणे काही अशक्य नाही.

अॅपलने २०२० साली आणलेला एअरपॉड्स मॅक्स सुमारे ३८५ ग्रॅमचा होता, भारतात त्याची किंमत ५९,९०० रुपये होती आणि तरीही त्याला बंद करण्याचे बटण नव्हते. मात्र त्याच्या गाद्या चुंबकाने बसवलेल्या असून हाताने निघतात आणि सुट्या विकतही मिळतात, हे मान्य केले पाहिजे. सोनीने २०२२ च्या एक्सएम५ या हेडफोनमध्ये घडी घालण्याची सोय काढून टाकली आणि २०२५ च्या एक्सएम६ मध्ये ती परत आणली, यावरून आराखडा सुधारता येतो हे दिसतेच.

बिनतारी हेडफोनची बॅटरी मात्र बहुधा आत बंदिस्त असते आणि ती थकली की बाकी सारे धडधाकट असूनही वस्तू भंगारात जाते. युरोपीय संघाच्या २०२३ मधील नियमानुसार फेब्रुवारी २०२७ पासून काही अपवाद वगळता अशा उपकरणांतील बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढून बदलता आली पाहिजे. हे जमते, हे फेअरफोन या डच कंपनीने २०२३ मध्येच आपल्या फेअरबड्स एक्सएल या बिनतारी हेडफोनमध्ये दाखवले आहे. तारेच्या हेडफोनमध्ये तर सेनहायझरचा १९९७ पासूनचा एचडी ६०० आहेच. त्याची तार, गाद्या, डोक्यावरची पट्टी, सगळे वेगळे करून बदलता येते.

आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी संकेतस्थळ सुरू केले, पण माहिती देण्यापलीकडे जाऊन महाग हेडफोनच्या खोक्यावर गाद्या, बॅटरी आणि तार यांच्या किमती व ते भाग किती वर्षे मिळतील ते छापणे बंधनकारक करायला हवे. तोवर निदान आपल्या तंत्रज्ञान पुरवणीत येणाऱ्या परीक्षणांत आवाजाच्या वर्णनाबरोबर या तीन भागांची उपलब्धताही तपासून लिहिली जावी, ही विनंती.

आपला,
एक संगीतप्रेमी वाचक, रत्नागिरी