बोट ठरवली, त्याबद्दल

ती. आई आणि बाबा,
साष्टांग नमस्कार.

रविवारी मी "बोट ठरवली" म्हणाले आणि बाबा, तुम्ही नुसतं "बरं" म्हणालात. ते "बरं" अजून कानातून जात नाही. फोनवर मला धड बोलता येत नाही, म्हणून लिहायला बसले.

बोटीच्या सहलीचे पैसे भरून झालेत. अलास्का ठरवलंय, चिली नाही. तुम्हाला न विचारता भरले, हे चुकलंच. पण विचारलं असतं तर तुम्ही दोघं एकमेकांकडे बघून "पुढच्या वर्षी बघू" म्हणाला असता.

बाबा, ॲटलासमधलं ते पान मी विसरलेले नाही. दक्षिण अमेरिकेचं टोक, उंदरांनी कुरतडल्यासारखा तो किनारा. माझं बोट धरून तुम्ही "१५२०, मॅगेलन" म्हणत सामुद्रधुनीतून वर न्यायचात. पेनासच्या आखाताशी आलो की 'दुःखाचं आखात' असा अर्थ सांगायचात, मी ओठ काढायचे आणि तुम्ही घाईघाईनं माझं बोट पुढे सरकवायचात. खऱ्या बोटीला तिथून असं पटकन सरकता येत नाही हो. फियॉर्डमध्ये, म्हणजे डोंगरांमधल्या अरुंद खाडीत, पाणी शांत असतं, हे तुमचं म्हणणं अगदी खरं. पण पेनासशी बेटांचा आडोसा संपतो आणि पॅसिफिकची लाट थेट अंगावर येते. पुएर्तो एडनसारखं एखादं खेडं सोडलं, तर त्या पट्ट्यात वस्तीच नाही. आईची चक्कर आणि तुमची ती नोव्हेंबरची रात्र आठवली, आणि माझा हात पुढे होईना. तुम्हाला झेपणार नाही असं मी म्हणत नाहीये. मला झेपणार नाही.

नॉर्वेही बघितलं. तिथला गैरांगर फियॉर्ड देखणा आहे, पण तिथं हिमनदी समुद्रात उतरत नाही, आणि तुम्हाला तर बर्फ कोसळताना बघायचाय.

तो अलास्काच्या ग्लेशियर बे या आखातात दिसेल. १७९४ साली इंग्रज दर्यावर्दी जॉर्ज व्हँकुव्हरची माणसं तिथं पोचली तेव्हा आत जायला वाटच नव्हती, तोंडाशीच बर्फ होता. आता तो शंभर किलोमीटर मागे गेलाय, आपण त्या मोकळ्या झालेल्या पाण्यातून जायचं. मोठ्या प्रवासी जहाजांपैकी दिवसाला दोघांनाच आत सोडतात, म्हणून तारखेचा एवढा घोळ घातला. तिथल्या राष्ट्रीय उद्यानाचे रेंजर बोटीवर येऊन माहिती सांगतात, तेव्हा बाबांचे प्रश्न त्यांच्या वाट्याला. मार्जरी हिमनदीची भिंत पाण्यावर पंचाहत्तर मीटर उंच आहे. कडा आधी सुटलेला दिसतो, आवाज मागून येतो. तिथले त्लिंगिट लोक त्याला पांढरा गडगडाट म्हणतात.

आई, आता तुझं. कॅनडातल्या व्हँकुव्हर शहरातून निघून सात दिवसांनी परत तिथंच, सामान एकदाच लावायचं. वाट बरीचशी बेटांच्या आतून आहे. मध्ये काही तास उघडा समुद्र लागतो, त्याआधी गोळी मी स्वतः देईन. खोली बोटीच्या मधोमध, खालच्या मजल्यावर घेतलीय, तिथं हेलकावे सगळ्यात कमी. बाथरूममध्ये धरायला दांडा आहे, विचारून घेतलं. सकाळचा चहा खोलीत मागवता येतो. लिफ्ट आहे, डॉक्टर आहेत. माझी खोली शेजारीच. लहानपणी मी अंधाराला घाबरून भिंतीवर टकटक करायचे आणि तू पलीकडून तीनदा वाजवायचीस. आता तू वाजव, मी उठून येईन.

काही गोष्टी मात्र ऐकायच्याच. औषधं दुप्पट घ्यायची, त्यातली निम्मी हातातल्या पिशवीत. प्रिस्क्रिप्शन सोबत हवं. बाबा, विम्याच्या फॉर्मवर तो नोव्हेंबर लपवायचा नाही, सगळं खरं लिहायचं. हेलिकॉप्टरनं हलवण्याचा खर्च त्यात धरलाय, पण खोटं लिहिलंत तर काही मिळणार नाही. उन्हाळा असला तरी बर्फासमोर डेकवर वारा झोंबतो, कानटोपी आणि हातमोजे घ्या. पहाटे उठून एकट्यानं डेकवर जायचं नाही. दोघांनीही. मला उठवायचं, कितीही वाजले असले तरी.

रागावला असाल तर पुढच्या रविवारी फोनवर रागवा, पण "बरं" म्हणू नका. आणि तो ॲटलास बांधून आणा. बाकीचं सामान कमी करू, पण तो आणा. दुर्बीण मी घेतलीय.

तुमची,
धाकटी