ट्रोफोसोम घेऊ नकोस

प्रिय मंदार,

तुझं पत्र येऊन किती दिवस झाले, तू रागावला असशीलच. रागाव. तब्येत ठीक आहे, गुडघाही. आज लिहायला बसले ते तुझ्या एका ओळीमुळे: "डीएनएसाठी ट्रोफोसोम घेतोय, तोच सगळ्यात मोठा आहे." मंदार, रिफ्टियाच्या, म्हणजे खोल समुद्रातल्या उष्ण विवरांजवळच्या नळीकृमीच्या, जीनोमसाठी ट्रोफोसोम घेऊ नकोस.

मोठा आहे, पण कोणामुळे? प्रौढ रिफ्टियाला ना तोंड, ना आतडं. धडात जी मऊ ऊती भरलेली असते, तोच ट्रोफोसोम, ती कृमीला पोसणाऱ्या जीवाणूंनी गच्च असते. कोलीन कॅव्हनॉ यांनी १९८१ मध्येच ते दाखवलं. त्यातून डीएनए काढलास की कृमी आणि एंडोरिफ्टिया (हाच तो जीवाणू) दोघांचा एकत्र हाती येणार. आणि आपला प्रश्नच मुळी कृमीने काय गमावलं हा! २०२१ साली रिफ्टियाचा जीनोम आला, सुमारे ५६ कोटी बेस-जोड्यांचा. त्यात अमिनो आम्लं तयार करणारी कित्येक महत्त्वाची जनुकं नाहीत. जीवाणूकडे अमिनो आम्लांची स्वतःची सोय आहे. त्याचा एक तुकडा जुळणीत, म्हणजे डीएनएचे वाचलेले तुकडे जोडून केलेल्या जीनोममध्ये, शिरला, की गेलेलं जनुक कृमीत "सापडलं" असं होतं.

म्हणून व्हेस्टिमेंटमचा स्नायू घे, म्हणजे पिसाऱ्याच्या लगेच खालचा भाग. पिसारा मोहात पाडेल, पण तो रक्ताने भरलेला असतो आणि हिमोग्लोबिनमुळे पीसीआर (डीएनएच्या प्रती काढणं) अडतो. कातडी खरवडून टाक, तिच्यावर बाहेरचे जीवाणू असतात. प्रत्येक नमुन्याला नवं पातं. चिकट शर्करा डीएनएबरोबर खाली बसल्या तर सीटॅब या रसायनाच्या पद्धतीने काढ. ट्रोफोसोम ठेव, पण वेगळ्या नळीत, फक्त जीवाणूसाठी.

एवढं करूनही जुळणी तपासायचीच. एंडोरिफ्टियाचं जीसी प्रमाण (डीएनएतल्या जी आणि सी बेसचा वाटा) ५८ टक्क्यांच्या आसपास, कृमीचं बरंच कमी; जीसी आणि वाचन-खोली (प्रत्येक तुकडा किती वेळा वाचला गेला) यांचा आलेख काढलास की दोन ढग वेगळे दिसतील. संशयास्पद जनुकात इंट्रॉन (जीवाणूंच्या जनुकांत सहसा नसणारे मधले तुकडे) आहेत का, शेजारची जनुकं प्राण्याची आहेत का, हे बघ. उलटी चूकही होते: जुळणी फुटकी असेल तर असलेलं जनुक "गेलं" वाटतं. आधी बुस्को या संगणक-चाचणीने जुळणीची पूर्णता पाहा, मगच काय हरवलं ते बोल.

आता आपलं जुनं भांडण. जीवाणू अंड्यातून येतात, मायटोकॉन्ड्रियासारखे, असं तू म्हणायचास आणि सुमा दर वेळी तुझीच बाजू घ्यायची. २००६ मध्ये नुसबाउमर, फिशर आणि ब्राइट यांनी दाखवलं की अळी जीवाणूविना येते. स्थिरावल्यावर जीवाणू तिच्या कातडीतून शिरतात आणि आतल्या मध्यस्तरातून ट्रोफोसोम घडतो. सुमाला सांग, तिने हार मानायची मी अजून वाट बघतेय.

मला मात्र हे जिंकून झोप लागत नाही. अमिनो आम्लांची यंत्रणा सोडून द्यायची आणि जोडीदार मात्र दर पिढीला पाण्यातून नव्याने शोधायचा! चूल मोडून स्वयंपाकी येईलच या भरवशावर बसण्यासारखं आहे हे. अळीकडे शिदोरी फक्त अंड्यातल्या बलकाची, सरासरी ३८ दिवसांची. तेवढ्यात विवर सापडलं पाहिजे आणि तिथे जीवाणूही हवा. मग हा सौदा टिकला कसा? एक धागा २०१५ चा: कृमी मेला की ट्रोफोसोममधले जीवाणू जिवंत बाहेर पडतात, म्हणजे मरणारी वसाहत पाण्यात पुढच्यांसाठी पेरणी करून जाते. शिवाय एंडोरिफ्टियाचा जीनोम आकसलेला नाही, सुमारे ३५ लाख बेस-जोड्या, पोहायची जनुकं शाबूत. तो बाहेर जगायची तयारी राखून आहे, कृमी नाही. या असमान नात्याचं कोडं तुझ्या नमुन्यांतून थोडं तरी सुटेल, म्हणून एवढा जीव तुटतोय.

आणि "सूर्याशिवाय जीवन" हे शीर्षक बदल. या जीवाणूंना ऊर्जेसाठी सल्फाइड जाळायला लागणारा ऑक्सिजन वरच्या प्रकाशसंश्लेषणाचाच आहे.

नव्या जागेचं कळलं, छान झालं. आईंना नमस्कार. स्नायूतून डीएनए किती निघाला ते लगेच कळव, आणि जेलचा फोटो पाठव.

तुझी,
वासंती