जुने कपडे हवेत, पण कात्री पेलणारे

समस्त गावकरी आणि पेडणे तालुक्यातील बंधू-भगिनींना महिला मंडळाचा सप्रेम नमस्कार.

चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, तोंडावर आली आहे. घरोघर आवराआवर सुरू झाली की कपाटं उपसली जातात आणि कपड्यांची गाठोडी दाराशी येऊन पडतात. त्यांतलं काही जाळलं जातं, काही रात्री कोणी बघत नसताना व्हाळाच्या कडेला जातं. ती गाठोडी आम्हाला द्या. पंचायत घरामागच्या खोलीत मंडळाचा शिवणवर्ग आहे. तिथे यंदा जुन्या कपड्यांतून नवे शिवायला घेतले आहेत: फ्रॉक, परकर-पोलकी, झबली-दुपटी, बाजाराच्या पिशव्या. अंगणवाडीच्या मुलांना लागेल तेवढं फुकट द्यायचं. उरलेलं म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात विकून शिवणाऱ्या बायकांची मजुरी भागवायची, असा बेत आहे.

एक गोष्ट आधीच स्पष्ट केलेली बरी. जुने कपडे मागितले की फाटकी बनियनं आणि सैल झालेले मोजेसुद्धा येतात. घरातली अडगळ गेली आणि वर दानही झालं! आमच्या खोलीत तेवढी जागा नाही. ज्याला कात्री लावून काही निघेल असंच कापड पाठवा.

तसं कापड तुम्हाला वाटतं त्याहून जास्त घरांत असतं, कारण कपडा कधी सगळीकडून सारखा विरत नाही. शर्टाची कॉलर आणि कफ आधी जातात, पाठ धड राहते. पँट गुडघ्यांवर आणि मांड्यांच्या आतून झिजते, पोटऱ्यांकडचं कापड मजबूत. साडी विरते ती बसण्याच्या जागी आणि टाचेला घासणाऱ्या काठाला. साडेपाच मीटरांतलं विरलेलं काढून टाकलं तरी शाळकरी मुलीचं परकर-पोलकं आरामात निघतं. चांगला काठ परकराच्या घेराला आला की जुन्यातून शिवलंय हे सांगावं लागतं.

पुरुषांचे शर्ट तर आम्हाला कितीही द्या. शर्ट उलटा फिरवायचा, म्हणजे बटणपट्टी पाठीवर जाते. कॉलर आणि बाह्या उसवून मुलीच्या मापाने गळा आणि मुंढे कापायचे, कमरेत चुण्या घालायच्या, की लहान मुलीचा फ्रॉक झाला. काजं-बटणं आयती मिळतात. हाताने काजं केलेल्या बाईला विचारा, ती सांगेल यात किती वेळ वाचतो ते. बाह्यांच्या कापडातून खिसे निघतात.

पहिली पसंती सुती कपड्याला. बाळाच्या अंगाला पहिलं कापड जुनंच लावायचं ही आपल्याकडची रीत आहे. वर्षानुवर्षं धुतलेल्या साडीचा मऊपणा नव्या कापडाला येत नाही, म्हणून दुपट्यांसाठी जुन्या सुती साड्या हव्यात. कापड सुती आहे की नाही कळत नसेल, तर त्याच्या कडेचा एक धागा काढून जाळून बघा. सुती धागा कागदासारखा जळतो आणि भुरभुरीत राख होते. पॉलिस्टर वितळतं आणि त्याचा कडक मणी होतो. तेही चालेल, पण पिशव्यांसाठी. वेगळं बांधून द्या.

मोरजी, मांद्रे, हरमलच्या हॉटेलवाल्यांना खास विनंती. चहाचा डाग पडलेली किंवा मध्येच विरलेली पांढरी चादर तुमच्या कामाची राहत नाही, पण तिच्या कडा शाबूत असतात. आम्हाला अस्तराला तीच लागते, आणि अस्तराचं कापड विकत घ्यायचं म्हटलं तर सगळा हिशेब कोलमडतो. निरोप द्या, आमच्यापैकी कोणी येऊन घेऊन जाईल.

आजीच्या पेटीत हातमागावरची लाल चौकड्यांची कुणबी साडी सापडली तर मात्र ती देऊ नका. गोव्यातलं ते विणकाम जवळजवळ बंद पडलं होतं, फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिग्स यांच्यासारख्यांनी ते पुन्हा उभं करायची खटपट केली. अशी साडी आमच्याकडे आली तरी आम्ही तिला कात्री लावणार नाही, घडी करून परत पाठवू.

कपड्यांइतकीच पैशांचीही गरज आहे. दोरा, इलॅस्टिक, सुया विकतच आणाव्या लागतात. जीन्सला सोळा-अठरा नंबरची सुई लागते आणि ती मोडतेही लवकर. सगळ्यात मोठा खर्च ओव्हरलॉक मशीनचा, म्हणजे कापडाच्या कडा उसवू नयेत म्हणून त्या बांधून शिवणाऱ्या मशीनचा आहे. ते नसल्यामुळे टी-शर्टांचं कापड सध्या हातच न लावता ठेवलं आहे. कोणाच्या घरी पायमशीन पडून असेल तर तेही द्या, त्यावरचा टीव्ही तेवढा आधी उतरवा. ज्यांना शिवता येतं त्यांनी दुपारचा वेळ दिला तर फारच उत्तम. उसवायला तर शिवणही यावं लागत नाही.

कपडे धुऊन, पूर्ण वाळवून आणा. या दिवसांत दमट कपडा बांधून ठेवला की बुरशीचे काळे ठिपके पडतात आणि ते सहजासहजी जात नाहीत. ऊन पडेल त्या दिवशी एकदा बाहेर घाला. मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी 3 ते 6 खोली उघडी असते. पैशांची पावती तिथेच मिळेल, आणि दर महिन्याचा जमाखर्च पंचायतीच्या फलकावर लावला जाईल. खिसे तेवढे तपासून द्या, आणि साड्यांच्या सेफ्टीपिना काढायला विसरू नका.